लॅबमध्ये चालणारी क्वेरी ऑनलाइन साधनात का अडली? संत्रा आवकेच्या डेटाबेसचा एक प्रकरण अभ्यास

परिस्थिती

नागपुरातील एका महाविद्यालयात अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने प्रकल्पासाठी संत्र्याच्या आवकेचा विषय निवडला होता. काटोल, नरखेड, सावनेर आणि कळमेश्वर या तालुक्यांतून कळमना बाजारात येणाऱ्या मालाच्या सौद्यांची नोंद ठेवायची, आंबिया आणि मृग या दोन बहारांचे भाव वेगळे दाखवायचे आणि ‘कोणत्या तालुक्याच्या मालाला सर्वाधिक भाव कोणत्या दिवशी मिळाला’ यासारख्या प्रश्नांची उत्तरे काढायची, एवढा प्रकल्पाचा आवाका होता. गटातील काहींच्या घरच्या संत्र्याच्या बागा असल्याने नोंदी अडत्यांनी दिलेल्या हिशेबपट्ट्यांवरून उतरवलेल्या होत्या, त्यामुळे विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा होता आणि आकड्यांची कसोटी लावायला घरची माणसेही होती.

डेटाबेस महाविद्यालयाच्या लॅबमध्ये, विंडोजच्या संगणकावरील झॅम्पवर, म्हणजे डेटाबेस सर्व्हर सोबत घेऊन येणाऱ्या सॉफ्टवेअर संचावर, तयार झाला होता. तेथे सर्व क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, चालत होत्या, उत्तरे अहवालात चिकटवून झाली होती आणि अहवालाची छपाई तेवढी बाकी होती. त्याच सुमारास परीक्षकांच्या सोयीसाठी अशी सूचना आली की संपूर्ण कोड एखाद्या ऑनलाइन एसक्यूएल (डेटाबेसशी बोलण्याची भाषा) साधनात टाकून त्याचा दुवा द्यावा, म्हणजे कोणालाही तो ब्राउझरमध्ये उघडून चालवून पाहता येईल. गटाने अहवालाच्या वर्ड फाइलमधून कोड उचलला, साधनाच्या डाव्या चौकटीत टेबल तयार करण्याची आणि नोंदी भरण्याची विधाने टाकली, उजव्या चौकटीत क्वेरी टाकल्या, यादीतून मायएसक्यूएल ८.० हे डेटाबेस इंजिन निवडले आणि रन दाबले. उत्तराच्या जागी तांबड्या ओळींची रांग उमटली. ‘सर, लॅबमध्ये तर चालून राहिलं, इथंच काहून नाही चालत?’ हा गटातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न घेऊन गट माझ्याकडे आला, तेव्हा प्रत्येक एररवर इंटरनेटवर सापडलेला एकेक उपाय करून कोडची तीन-चार रूपे झाली होती आणि कोणते रूप मूळचे, हेही त्यांना खात्रीने सांगता येत नव्हते.

या प्रकरणात आलेल्या बहुतेक एरर सर्वपरिचित आहेत आणि त्यांचे उपाय कोठेही मिळतात. तरीही ते सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले, कारण त्यांतली एक एरर अडथळा नव्हतीच. लॅबमध्ये जे उत्तर अनेक आठवडे बरोबर म्हणून वावरत होते ते चुकीचे आहे, हे त्या एररमुळे कळले.

आधी इंजिनाची ओळख

कोडला हात लावण्यापूर्वी दोन्ही ठिकाणी एकच छोटी क्वेरी चालवली: सिलेक्ट व्हर्जन(). ऑनलाइन साधनाने ८.० मालिकेतली आवृत्ती दाखवली. लॅबच्या संगणकाने १०.४ मालिकेतला आकडा दाखवला आणि त्यापुढे मारियाडीबी असे नाव होते. गटाला हे नवे होते. झॅम्पच्या नियंत्रण पटलावर मायएसक्यूएल असेच लिहिलेले असते, पण २०१५ पासून झॅम्पसोबत प्रत्यक्षात मारियाडीबी येते. मारियाडीबी ही मायएसक्यूएलमधूनच २००९ मध्ये फुटलेली शाखा असल्याने नेहमीची विधाने दोन्हीकडे सारखीच चालतात, मात्र नियमांची कडकाई, राखीव शब्दांची यादी आणि मूळ सेटिंग यांत त्या आता पुष्कळ वेगळ्या झाल्या आहेत.

त्यानंतर आणखी दोन गोष्टी विचारल्या. एसक्यूएल मोड, म्हणजे इंजिन पाळत असलेल्या नियमांची यादी, कोणता, हे विचारल्यावर ऑनलाइन यादीत ‘ओन्ली फुल ग्रुप बाय’ आणि ‘स्ट्रिक्ट ट्रान्स टेबल्स’ हे दोन्ही दिसले, लॅबच्या यादीत दोन्ही नव्हते. टेबलांच्या नावांत इंग्रजी लहान-मोठ्या लिपीचा भेद पाळला जातो का, हे सांगणारे ‘लोअर केस टेबल नेम्स’ हे चलही तपासले. लॅबच्या विंडोजवर त्याचे मूल्य १ होते, ऑनलाइन सर्व्हर लिनक्सवर असल्याने तेथे ते ० होते. पुढे आलेल्या एररपैकी पुष्कळांचे स्पष्टीकरण या तीन उत्तरांतच होते. माझ्या मते ऑनलाइन साधनात कोड अडला की पहिले काम हेच असावे, कारण एररचा मजकूर एका ठरावीक इंजिनाच्या ठरावीक आवृत्तीचे बोलणे असते आणि बोलणारा कोण हे ठाऊक नसताना त्याचा अर्थ लावू गेले की माणूस भलत्याच उपायांच्या मागे लागतो.

याच वेळी एक वेगळी गोष्ट लक्षात आली आणि ती आधी दुरुस्त करून घेतली. डाव्या चौकटीत शेतकऱ्यांची खरी नावे आणि मोबाइल क्रमांक होते. अशा साधनांत जतन केलेला कोड ज्याच्या हाती दुवा असेल त्याला उघडता येतो. आपल्या गावच्या माणसांनी विश्वासाने दिलेली हिशेबपट्टी अशी चव्हाट्यावर ठेवणे योग्य नाही. नावांच्या जागी क्रमांक टाकले, मोबाइलचा कॉलम काढून टाकला आणि आधी जतन केलेले दुवे परीक्षकांकडे जाणार नाहीत याची काळजी घेतली. क्वेरींच्या उत्तरांत याने काहीही फरक पडला नाही.

एकामागून एक एरर

गटाची सवय अशी होती की तांबड्या ओळींपैकी जी समजते ती आधी सोडवायची. या साधनात एक विधान अडले तरी पुढची विधाने चालत राहत, त्यामुळे पहिल्या टेबलाचे विधान फसले की त्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या प्रत्येक विधानाची स्वतंत्र एरर येत असे. १० एरर दिसत होत्या, पण कारणे तितकी नव्हती. म्हणून नियम असा ठेवला की फक्त सर्वांत वरची एरर वाचायची, ती गेली की पुन्हा रन करायचे आणि मधल्या काळात दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही.

सर्वांत वरची एरर १०५४ होती. अननोन कॉलम, असे म्हणून तिने पुढे ‘काटोल’ हा शब्द दाखवला होता. काटोल नावाचा कॉलम कोणीच बनवलेला नव्हता, ते तर तालुक्याच्या कॉलममध्ये भरायचे मूल्य होते, म्हणून गटाने कॉलमची नावे पुन्हा पुन्हा तपासली होती आणि एकाने तर काटोल नावाचा कॉलम जोडूनही पाहिला होता. कारण मात्र त्या शब्दाभोवतीच्या अवतरणचिन्हांत होते. वर्डमध्ये टंकताना सरळ अवतरणचिन्हाचे आपोआप वळणदार चिन्ह होते. छापील मजकुरात ते शोभते, पण डेटाबेसच्या लेखी मजकुराची सीमा फक्त सरळ चिन्हाने ठरते. मायएसक्यूएलमध्ये नावांत युनिकोड अक्षरे चालतात आणि वळणदार चिन्हही त्यांतलेच एक गणले जाते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या चिन्हांसकट तो संपूर्ण शब्द इंजिनाने एखाद्या कॉलमचे नाव म्हणून वाचला. मूल्यात मध्ये रिकामी जागा असेल तर हीच चूक १०६४, म्हणजे वाक्यरचनेची एरर, म्हणून समोर येते. पोस्टग्रेस या दुसऱ्या इंजिनात ती कॉलम अस्तित्वात नसल्याची तक्रार होते. कोड साध्या नोटपॅडमध्ये आणून सर्व वळणदार चिन्हे सरळ केली आणि तेव्हापासून वर्डमधली प्रत फक्त छपाईसाठी, चालवण्याची प्रत साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, अशी विभागणी केली.

पुढची एरर १८२४ होती: संदर्भातले टेबल उघडता आले नाही. आवक या टेबलात शेतकरी टेबलाची परकीय की, म्हणजे त्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारी फॉरेन की, होती आणि कोडमध्ये आवक आधी, शेतकरी नंतर तयार होत होते. लॅबमध्ये टेबले पीएचपीमायॲडमिन या माउसने चालवायच्या साधनातून सवडीने बनत गेली होती, त्यामुळे क्रमाचा प्रश्न तेथे कधी उद्भवलाच नव्हता. ऑनलाइन साधन प्रत्येक वेळी कोरा डेटाबेस घेऊन वरपासून खाली जाते. क्रम बदलला, तरी एरर तशीच राहिली आणि गटाचा धीर सुटला. क्रमांक तोच असला तरी कारण आता दुसरे होते. संदर्भाच्या ओळीत शेतकरी टेबलाचे नाव इंग्रजी मोठ्या अक्षराने सुरू होत होते आणि टेबल तयार करताना ते लहान अक्षराने लिहिलेले होते. तेथे ओळ तोडून टेबलाचे नाव नव्या परिच्छेदाच्या सुरुवातीला आले होते आणि वर्डने परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे केले होते. विंडोजवर हा भेद पाळला जात नसल्याने लॅबमध्ये तो दिसला नाही, लिनक्सवर मात्र ती दोन वेगळी नावे ठरली. कॉलमच्या नावांना मायएसक्यूएलमध्ये हा नियम लागू नाही, तो टेबलांच्या नावांना आहे, म्हणून सर्व टेबलनावे लहान लिपीत करून घेतली.

याच मालिकेत १११ ओळींच्या कोडमध्ये न सापडणारे एक टेबल निघाले. तालुक्यांची यादी एका विद्यार्थ्याने केव्हातरी माउसने बनवली होती आणि ती कोडमध्ये कधीच लिहिली गेली नव्हती. ११४६, म्हणजे टेबल अस्तित्वात नाही, ही एरर येथे अक्षरशः खरी होती. लॅबमधला डेटाबेस महिनोन्महिने साचत आलेला असतो आणि कोड त्या साठ्याच्या आधाराने उभा असतो. तो आधार काढल्यावर कोड स्वतःच्या बळावर उभा राहतो का, हे तपासण्यासाठी ऑनलाइन साधनाइतकी सोयीची जागा नाही.

त्यानंतर १०६४. ही एरर कशाजवळ अडचण आहे ते सांगते आणि ओळीचा क्रमांक देते. पण तो क्रमांक बहुधा त्या विधानापुरता मोजलेला असतो, चौकटीतल्या संपूर्ण कोडचा नसतो, आणि ‘जवळ’ म्हणून दाखवलेला मजकूर इंजिनाला जेथून पुढे वाचता आले नाही तेथून सुरू होतो. चूक त्या शब्दात किंवा त्याच्या लगेच आधी असते. येथे तो शब्द ‘रँक’ होता. मालाच्या प्रतवारीचा क्रमांक ठेवणाऱ्या कॉलमला गटाने हे नाव दिले होते. ८.०.२ या आवृत्तीपासून मायएसक्यूएलमध्ये रँक हा राखीव शब्द झाला, कारण त्या नावाचे विंडो फंक्शन, म्हणजे नोंदी एकत्र न करता गटातल्या प्रत्येक नोंदीसाठी हिशेब करणारे फंक्शन, ८.० मालिकेत आले. मारियाडीबीत तो शब्द कॉलमच्या नावासाठी मोकळा असल्याने लॅबमध्ये काही अडले नव्हते. नावाभोवती बॅकटिक (` हे तिरपे चिन्ह) घालून हे निभावता येते, पण मग प्रत्येक क्वेरीत ते आठवणीने घालावे लागतात, म्हणून कॉलमचे नाव बदलून ‘प्रत’ केले.

डेटाबेस तयार करण्याच्या ओळीला परवानगी नाकारणारी १०४४ आली, ती ओळ काढून टाकली; साधन स्वतःचा डेटाबेस देतेच. प्रोसीजरसाठी, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवायच्या विधानांच्या संचासाठी, लिहिलेले डिलिमिटर हे विधान सर्व्हरचे नसून मायएसक्यूएलच्या कमांड लाइनचे आहे, आणि या साधनाने ते ओळखले नाही. प्रोसीजर प्रकल्पासाठी आवश्यक नव्हतीच, तीही वगळली.

तारखा मात्र अधिक लक्ष मागणाऱ्या निघाल्या. हिशेबपट्टीवर तारीख दिवस-महिना-वर्ष अशी असते आणि काही नोंदींत ती तशीच, २४-११-२०२३ या रूपात, भरली गेली होती. मायएसक्यूएलला वर्ष आधी लागते. स्ट्रिक्ट मोड (वरच्या यादीतला ‘स्ट्रिक्ट ट्रान्स टेबल्स’) चालू असलेल्या ऑनलाइन सर्व्हरने १२९२ ही एरर देऊन नोंद नाकारली. लॅबमध्ये तो मोड बंद असल्याने इंजिनाने केवळ इशारा नोंदवला, तो कोणी वाचला नाही, आणि कॉलममध्ये भलतीच तारीख जाऊन बसली. म्हणजे येथे ऑनलाइन साधन अडत होते आणि लॅबचा संगणक चुकत होता. या फरकाचे गांभीर्य गटाला तेव्हा पुरते जाणवले नाही, पुढच्या एररने ते जाणवून दिले.

१०५५: मूळ प्रश्न

डावी चौकट निर्वेध चालली, आता उजवीकडची मुख्य क्वेरी उरली होती. तिचा सांगाडा असा (ग्रुप बाय म्हणजे एकेका तालुक्याच्या नोंदी एका ओळीत एकत्र करणे):

सिलेक्ट तालुका, मॅक्स(भाव), मिन(भाव), दिनांक फ्रॉम आवक ग्रुप बाय तालुका;

ऑनलाइन सर्व्हरने १०५५ देऊन ती नाकारली. एररचा आशय असा की निवडलेला चौथा घटक, दिनांक, ग्रुप बायमध्ये नाही, त्यावर मॅक्स-मिनसारखे कोणतेही एकत्रीकरणाचे फंक्शन नाही आणि तो ग्रुप बायमधल्या कॉलमवरून ठरतही नाही. इंटरनेटवर या एररचा सर्वाधिक सांगितला जाणारा उपाय म्हणजे एसक्यूएल मोडमधून ‘ओन्ली फुल ग्रुप बाय’ काढून टाकणे. गटाने तो करून पाहिला होता. क्वेरी चालली होती, लॅबसारखेच उत्तर आले होते आणि त्यांच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. एवढ्या खटपटीनंतर मी तोच उपाय परत काढायला लावला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची नाराजी समजण्यासारखी होती.

कारण पटावे म्हणून संपूर्ण डेटाबेस बाजूला ठेवला आणि नव्या कोऱ्या चौकटीत एकच छोटे टेबल घेतले. त्यात काटोलच्या तीन काल्पनिक नोंदी भरल्या: ५ डिसेंबरला भाव २२००, १२ डिसेंबरला २८०० आणि २० डिसेंबरला २५००. उत्तर डोळ्यांनीच दिसते: सर्वाधिक भाव २८०० आणि दिवस १२ डिसेंबर. मोड काढून टाकलेल्या सर्व्हरवर जुनी क्वेरी चालवली, तर भाव २८०० आला आणि शेजारी तारीख ५ डिसेंबर. लॅबमधल्या मारियाडीबीनेही तेच दिले. दोन्ही आकडे टेबलात खरोखर आहेत, पण ते एका सौद्याचे नाहीत. ग्रुप बायने तालुक्याच्या सर्व नोंदींची एक ओळ केल्यावर त्या गटातली कोणती तारीख दाखवायची हे क्वेरीने सांगितलेलेच नसते. अशा वेळी इंजिनाला कोणतीही तारीख उचलण्याची मोकळीक असते आणि पुष्कळदा ते समोर येणारी पहिली नोंद उचलते. अहवालातले ‘सर्वाधिक भावाचा दिवस’ हे कोष्टक अशा तारखांनी भरलेले होते. ज्या विद्यार्थ्याच्या घरचा काटोलचा माल त्यात होता, त्याने घरच्या हिशेबपट्टीशी ताडून पाहिले आणि ती तारीख त्या भावाची नव्हतीच, हे त्यानेच सांगितले.

हा नियम काही ऑनलाइन साधनाच्या लहरीने आलेला नाही. मायएसक्यूएलमध्ये तो ५.७.५ पासून मूळ सेटिंगमध्ये चालू असतो, त्यापूर्वी तो उपलब्ध असूनही बंद असे. पोस्टग्रेस अशी क्वेरी पहिल्यापासून नाकारते, ओरॅकल ती ओआरए-००९७९ ही एरर देऊन नाकारते, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर ८१२० देतो. नियम आंधळाही नाही. ग्रुप बाय शेतकरी टेबलाच्या प्रायमरी कीवर, म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी ओळखणाऱ्या कॉलमवर, केला आणि सोबत शेतकऱ्याचे गाव निवडले, तर मायएसक्यूएल ते चालू देते, कारण प्रायमरी की ठरली की गाव एकच ठरते. तालुका ठरला म्हणून तारीख एकच ठरत नाही, एररला एवढेच म्हणायचे होते.

गटातल्या एकीने त्याच वेळी साधनाच्या यादीतून एसक्यूलाइट हे आणखी एक इंजिन निवडून पाहिले. मिन काढून केवळ मॅक्स ठेवल्यावर तेथे जुनीच क्वेरी कोणतीही एरर न देता चालली आणि तारीख बरोबर, १२ डिसेंबर आली. तिचा प्रश्न रास्त होता की मग क्वेरी चुकीची कशी. एसक्यूलाइटने २०१२ मधल्या ३.७.११ या आवृत्तीपासून अशी सोय दिली आहे की क्वेरीत एकच मॅक्स किंवा एकच मिन असेल, तर उघडे, म्हणजे फंक्शन न लावलेले, कॉलम त्याच नोंदीतून घेतले जातात जिच्यात ते मूल्य आहे. ही त्या इंजिनाची स्वतःची रीत आहे, ती दुसरीकडे गृहीत धरता येत नाही. शिवाय आपल्या क्वेरीत मॅक्स आणि मिन दोन्ही होते. दोन्ही असताना तारीख कोणत्या नोंदीची, सर्वाधिक भावाच्या की सर्वांत कमी भावाच्या, याची हमी एसक्यूलाइटही देत नाही. एकच क्वेरी एका इंजिनाने नाकारावी, दुसऱ्याने चुकीचे उत्तर द्यावे आणि तिसऱ्याने बरोबर द्यावे, हे तीन नोंदींच्या टेबलावर समोरासमोर पाहता आले, ही मला या साधनांची सर्वांत मोठी उपयुक्तता वाटते. १११ ओळींच्या मूळ कोडवर हा फरक कोणाच्याही ध्यानात आला नसता.

दुरुस्ती

एरर घालवण्याचे आणखी दोन मार्ग गटाने सुचवले. दिनांक हा कॉलम ग्रुप बायमध्ये घालणे हा पहिला. त्याने एरर जाते, पण प्रत्येक दिवसाची वेगळी ओळ होते आणि तालुक्याचा सर्वाधिक भाव मिळतच नाही. एनी व्हॅल्यू हे फंक्शन दिनांकाभोवती गुंडाळणे हा दुसरा. त्याचा अर्थ ‘कोणतीही तारीख चालेल’ असा आपण स्वतःहून लिहून देणे आहे, आणि येथे कोणतीही तारीख चालणार नव्हती.

प्रश्न नीट मांडला की क्वेरी आपोआप बदलते. आपल्याला तालुक्यांचे सार नको आहे, प्रत्येक तालुक्यातला एक ठरावीक सौदा, त्याच्या भावासह आणि तारखेसह, हवा आहे. म्हणून आधी प्रत्येक नोंदीला तिच्या तालुक्यात भावाच्या उतरत्या क्रमाने क्रमांक द्यायचा आणि मग पहिल्या क्रमांकाच्या नोंदी तेवढ्या ठेवायच्या. आतली क्वेरी अशी झाली:

सिलेक्ट तालुका, दिनांक, भाव, रँक() ओव्हर (पार्टिशन बाय तालुका ऑर्डर बाय भाव डेस्क) ॲज क्रमांक फ्रॉम आवक

तिला कंसात घेऊन बाहेरून ‘व्हेअर क्रमांक = १’ ही अट लावली. कॉलमच्या नावात ज्या शब्दाने आधी अडवले होते, त्याच फंक्शनने येथे काम केले, आणि तो शब्द राखीव का झाला हेही गटाला त्यातून उमगले. विंडो फंक्शनच्या क्रमांकावर त्याच पातळीच्या व्हेअरमध्ये अट लावता येत नाही, कारण व्हेअर आधी लागते आणि क्रमांक नंतर ठरतो. म्हणून आतली आणि बाहेरची अशा दोन पातळ्या कराव्या लागतात. गटाने प्रथम एकाच पातळीवर लिहून पाहिले आणि ३५९३ ही एरर मिळवली. तिचा अर्थ त्यांनी या वेळी स्वतःच लावला.

रँक घ्यायचा की रो नंबर, यावर थोडी चर्चा झाली. दोन दिवशी तोच सर्वाधिक भाव मिळाला असेल तर रँक दोन्ही दिवस दाखवतो, रो नंबर त्यांतला एकच ठेवतो आणि कोणता ते पुढचा निकष दिल्याशिवाय निश्चित नसते. आपल्या प्रश्नाला दोन्ही दिवस दाखवणे योग्य, म्हणून रँक ठेवला. बहारानुसार वेगळे उत्तर हवे असल्याने पार्टिशनमध्ये तालुक्यासोबत बहारही घातला. आंबियाचा माल साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन थंडीत येतो आणि मृगाचा फेब्रुवारीनंतर, त्यामुळे दोन्ही बहार एकत्र करून काढलेला सर्वाधिक भाव बागाईतदाराच्या कोणत्याच निर्णयाला उपयोगी पडत नाही. हे मात्र कोणत्याही एररने सांगितले नसते, ते गटाला घरूनच माहीत होते.

दुरुस्त क्वेरी तीन नोंदींच्या टेबलावर, मग संपूर्ण डेटाबेसवर आणि शेवटी लॅबच्या मारियाडीबीवर चालवली. विंडो फंक्शन मारियाडीबीत १०.२ पासून असल्याने तेथेही ती चालली. ऑनलाइन साधनातून लॅबकडे परत नेताना फक्त एक अडचण आली. टेबलांच्या व्याख्येत एकाने ‘यूटीएफ८एमबी४ ०९०० एआय सीआय’ हे कोलेशन, म्हणजे अक्षरांच्या तुलनेची नियमावली, लिहिले होते, ते मायएसक्यूएल ८.० चे आहे आणि मारियाडीबी १०.४ ला ते ठाऊक नसल्याने १२७३ आली. दोन्हीकडे असलेले ‘यूटीएफ८एमबी४ युनिकोड सीआय’ लिहिल्यावर ती गेली. कॅरॅक्टर सेट (अक्षरे साठवण्याची पद्धत) सोडून देणेही परवडणारे नव्हते, कारण बहार आणि तालुका यांची मूल्ये देवनागरीत होती. नागपूर हा शब्द मोजला तर चिन्हे मोजणारे कॅर लेंग्थ ६ सांगते आणि बाइट मोजणारे लेंग्थ १८, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. लॅटिन१ या रोमन लिपीच्या कॅरॅक्टर सेटच्या कॉलममध्ये ही चिन्हे मावत नाहीत; स्ट्रिक्ट मोड चालू असेल तर १३६६ येते, बंद असेल तर प्रश्नचिन्हे साठवली जातात.

अहवालाची स्थिती

‘सर्वाधिक भावाचा दिवस’ या कोष्टकातल्या सर्व तारखा नव्या क्वेरीवरून पुन्हा भरल्या. आधीचे सर्वाधिक भाव तसेच राहिले, तारखा मात्र बहुतेक ठिकाणी बदलल्या. त्या तारखांवर आधारलेला एक परिच्छेद अहवालात होता, ज्यात भाव हंगामाच्या सुरुवातीलाच शिखराला जातात असा निष्कर्ष काढलेला होता. प्रत्येक गटातली पहिली नोंद उचलली गेल्यामुळे तसे भासत होते. नव्या उत्तरांत तो कल दिसला नाही आणि गटाने तो परिच्छेद काढून टाकला. छपाई पुढे ढकलावी लागली, त्याबद्दल त्यांनी विभागाकडे स्वतः लेखी विनंती केली.

चालवण्याच्या फाइलच्या आरंभी आता आवृत्ती, एसक्यूएल मोड आणि टेबलनावांच्या लिपीचे चल विचारणाऱ्या ओळी आहेत, जेणेकरून परीक्षकांनी दुवा उघडल्यावर उत्तरे कोणत्या इंजिनावरची आहेत हे वरच दिसावे. लॅबच्या संगणकावरही स्ट्रिक्ट मोड आणि ‘ओन्ली फुल ग्रुप बाय’ चालू करून घेतले आहेत. स्ट्रिक्ट मोड बंद असताना चुकीच्या तारखा जेथे साठवल्या गेल्या, त्या नोंदींचे काम अद्याप शिल्लक आहे. मोड आता चालू केल्याने आधीच आत गेलेल्या चुका बाहेर येत नाहीत, आणि साठवलेल्या तारखेवरून मूळ तारीख खात्रीने काढताही येत नाही. गटाने हंगामाबाहेरच्या तारखांच्या नोंदी क्वेरीने वेगळ्या काढल्या आहेत. त्यांच्या हिशेबपट्ट्या काटोल आणि नरखेडच्या घरांतून मागवल्या असून एकेक नोंद कागदाशी ताडून दुरुस्त केली जात आहे. ज्या नोंदींचा कागद सापडणार नाही, त्या क्वेरीतून वगळून अहवालात तसे लिहायचे ठरले आहे.